तडतड थांबेपर्यंत

औषधी तेलाचा पहिला घाणा मी जाळला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला मी तरबेज वैद्य वाटायला नको. मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात १५ वर्षं काढली. गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते, तिच्यात ओलावा किती उरलाय, हे यंत्रावर बघायचं आणि वहीत मांडायचं. एवढ्या वर्षांत एकही औषध मी हाताने ढवळलेलं नव्हतं.

माझ्या आत्याचे यजमान, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, भोरजवळच्या एका गावात आयुष्यभर वैद्यकी करत आले. आता वय ८१. रोगी अजून येतात, नाडी अजून बघतात, पण १६ लिटर पाण्याचं पातेलं चुलीवरून उतरवायची ताकद राहिली नाही. दिवाळीला गेले तेव्हा आत्या गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली उलटी करून तळवा बडवत होती. “ही शेवटची,” ती म्हणाली. “यांच्याच्यानं आता होत नाही.” मी नुकतीच नोकरी सोडली होती आणि हात रिकामे होते. अण्णांना म्हटलं, मी येते, तुम्ही सांगा, मी करते. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, “पौषात ये. थंडी पडू दे. मुळं शिशिरात काढायची.”

तेल म्हणजे क्षीरबला. नावातच कृती आहे: क्षीर म्हणजे दूध, बला म्हणजे आपला चिकणा. हा चिकणा तुम्ही शंभर वेळा बघितला असेल. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, कमरेएवढं झुडूप, पान बदामाच्या आकाराचं आणि मखमली, फूल नखाएवढं पिवळं. उपटायला गेलात की कळतं त्याला बला का म्हणतात. पान हातात येतं, फांदी हातात येते, मूळ येत नाही. पहारीने खणावं लागतं, आणि एवढं खणून हाताला लागतं ते करंगळीपेक्षा जेमतेम जाड मूळ. आम्हाला सुकलेली मुळं सव्वादोन किलो हवी होती. पहिल्या सकाळी मी तीन तास खणलं, तळहाताला फोड आले, आणि अण्णांनी माझा ढीग दोन बोटांनी चाळून म्हटलं, “यातला निम्मा चिकणाच नाही.” लांबट पानांची त्याची भावंडं शेजारीशेजारीच उगवतात. फुलं सगळ्यांना पिवळीच.

मग मी हुशारी केली. पुण्याला जाऊन एका काष्ठौषधींच्या दुकानातून किलोभर बलामूळ आणलं. अण्णांनी पुडी जमिनीवर ओतली. मुळं कमी, चिरलेल्या काटक्या जास्त. “मूळ मागितलंस, त्यांनी पंचांग दिलं, खोडापानांसकट अख्खं झाड,” असं म्हणून त्यांनी ते परत पुडीत भरलं आणि चुलीपाशी ठेवलं, सरपणासाठी. शेवटी गावातल्या दोन बायका आणि मी मिळून चार दिवसांत मुळं जमवली. धुऊन, चिरून, पडवीत सावलीला आठवडाभर वाळवली.

अण्णांच्या खोलीत एक जुनी शार्ङ्गधर संहिता आहे, पुठ्ठा गेलेली, कापडात बांधलेली. औषधं कशी करायची याचाच तो ग्रंथ. त्याच्या मधल्या खंडात स्वरस, काढा, फांट, कल्क, चूर्ण, गुटिका, अवलेह असं एकेक प्रकरण आहे आणि नववं प्रकरण तेला-तुपाच्या पाकाचं. मी वही काढून पळ, कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण असं लिहायला लागले. एका पळाचे चार तोळे, पुढे प्रत्येक माप आधीच्याच्या चौपट, आणि पातळ पदार्थांना पुन्हा दुप्पट धरायचं. माझी आकडेमोड बघून अण्णा हसले. “वजनं कशाला पाठ करतेस? प्रमाण धर. कल्क एक, तेल चार, द्रव सोळा.” म्हणजे पाव किलो वाटलेलं मूळ, एक लिटर तेल, चार लिटर काढा. शिवाय या तेलाला, तेलाइतकंच दूध. वजनं बदलली, राज्यं बदलली, शेर गेले किलो आले, तरी हे प्रमाण तसंच राहिलं. कारखान्यात आमचा प्रत्येक घटक मिलिग्रॅममध्ये लिहिलेला असायचा. एकमेकांशी त्यांचं नातं काय, हे कधी कोणी तोंडाने म्हणून दाखवलं नव्हतं.

तेल तिळाचं, लाकडी घाण्याचं. ते तसंच वापरायचं नाही, आधी मूर्च्छन करायचं. तेल मंद आचेवर तापवून फेस निवला की खाली उतरवायचं, जरा निवू द्यायचं, मग मंजिष्ठा, हळद, लोध्र, नागरमोथा, त्रिफळा, वाळा, वडाच्या पारंब्या वगैरेंचा ओला लगदा थोडा थोडा सोडायचा. मंजिष्ठा तेलाच्या सोळावा भाग, बाकीचं प्रत्येकी मंजिष्ठेच्या पाव. मग पाणी घालून ते आटेपर्यंत शिजवायचं. इथे घाई केली तर तेल फसफसून वर येतं आणि चुलीत उतरतं. अण्णांच्या उजव्या मनगटावर एक जुना पांढरा चट्टा आहे, त्याची गोष्ट मला तेव्हा कळली. मूर्च्छन झाल्यावर तिळाचा कच्चट वास जातो आणि तेलाला डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग चढतो. मला वाटलं होतं हा फक्त रंगाचा सोपस्कार असेल, पण वासातला फरक आंधळ्यालाही कळेल.

काढ्याचा दिवस हा सगळ्यात लांब आणि सगळ्यात कंटाळवाणा. दोन किलो मुळं उखळात कुटली. चिकण्याचं मूळ कुटून पूड होत नाही, त्याची काथ्यासारखी झिपरी होते. ती रात्रभर भिजत घातली. कठीण द्रव्याला पाणी आठपट, आणि आटवून चौथाई ठेवायचं: १६ लिटरचे चार.

मी मापाचं भांडं घेऊन तयार होते. दर तासाला उकळता काढा मोजायचा कसा, ते मात्र ठरवलं नव्हतं. अण्णांनी कडुलिंबाची एक सरळ काठी सोलली. रिकाम्या पातेल्यात आधी चार लिटर पाणी ओतायला लावलं, काठी तळाला टेकवून उभी धरली आणि पाण्याच्या रेषेवर विळीने खाच पाडली. मग उरलेलं १२ लिटर ओतलं, मुळं घातली. झालं मोजमाप. दिवसभरात जेव्हा वाटेल तेव्हा काठी बुडवायची, खाच दिसते का बघायचं. पातेल्यावर झाकण ठेवायचं नाही, जाळ मोठा करायचा नाही. सकाळी सातला चूल पेटवली, खाच उघडी पडली तेव्हा सव्वातीन वाजले होते.

काढा गाळताना चिकण्याला चिकणा का म्हणतात तेही कळलं. भेंडीच्या पाण्यासारखा बुळबुळीत. धुतलेलं धोतराचं फडकं, दोन टोकं अण्णांनी धरली, दोन मी, आणि पीळ दिला. फडक्यातून तो काढा धाग्यासारखा ओघळत होता.

दुसऱ्या दिवशी तेल, कल्क आणि काढा एकत्र चुलीवर. कल्क म्हणजे उरलेलं पाव किलो मूळ, कुटून, वस्त्रगाळ करून, भिजवून पाट्यावर वाटलेलं. सगळं एकजीव होऊन चहासारखं उकळायला लागलं. मी पिशवीतून प्रयोगशाळेतला काचेचा तापमापक काढला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त आत्याला हाक मारून म्हणाले, “बघ, तेलाला ताप आलाय का बघतीये.”

तापमापकाने पुढचे सहा तास एकच आकडा दाखवला. भोरच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि पातेल्यात पाणी आहे तोवर तेलही तिथेच अडून राहतं. कितीही लाकडं घाला, उष्णता वाफेबरोबर उडून जाते. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण चुलीसमोर बसून बघताना त्याचा अर्थ लागला. पाणी ही तेलाची राखण आहे. ते असेपर्यंत मूळ जळत नाही, तेल जळत नाही, वैद्याची चूक पोटात घातली जाते. पाणी संपलं की राखण संपली. मग आकडा भराभर चढतो आणि माणसाच्या हातात फार थोडा वेळ उरतो.

संध्याकाळी काढा बराचसा आटल्यावर अण्णांनी चूल विझवायला लावली. मला वाटलं दमले असतील. पण हा ग्रंथातलाच नियम निघाला: तूप, तेल, गूळ यांचे पाक एका दिवसात उरकायचे नाहीत, रात्रभर मुरले की गुण वाढतो. माझ्यातल्या तपासनीस बाईला हे पटकन पचलं नाही. एक मात्र खरं, रात्रभर तो कल्क तेलात बुडून राहतो, सकाळी तेल आणखी गडद असतं, आणि पाक करणारा माणूसही झोपून उठलेला असतो. शेवटच्या तासाला ताजा माणूस हवाच.

तिसरा दिवस दुधाचा. घरच्या गाईचं लिटरभर दूध तेलात सोडलं आणि पुन्हा जाळ. थोड्या वेळाने दूध फाटतं, त्याचे पांढरे गोळे तळाला बसतात, आणि तळाला बसलं की धरतं. “आता हात थांबवायचा नाही,” अण्णा म्हणाले आणि अंघोळीला गेले. मी लाकडी उलथन्याने तळ खरवडत बसले. अकराच्या सुमारास फोन वाजला. नोकरीच्या मुलाखतीचा होता, घ्यायलाच हवा होता, आणि पडवीत सिग्नल नाही. उलथनं पातेल्यात उभं करून मी अंगणात गेले. चार मिनिटं असतील. पाच असतील.

वास आधी आत्याला आला.

मी पळत आले तेव्हा तेल काळपट झालं होतं आणि वर निळसर धूर होता. अण्णा ओल्या पंचातच आले, पातेल्यातून चिमूटभर कल्क काढला, बोटांत चुरला. कोळशासारखी पूड पडली. “दग्ध,” ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला याहून एक शब्दही बोलला नाही, आणि आत्या मला गरम भाकरी वाढत राहिली, त्यामुळे आणखीच वाईट वाटलं. ग्रंथाप्रमाणे कच्च्या पाकाचं तेल निर्वीर्य असतं आणि जळलेल्याचा काही उपयोग नसतो, उलट दाह होतो. पातेलं रिकामं केल्यावर तळाशी वाटीएवढी जागा पिवळी दिसली. कल्हई गेली होती. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. पाणी असेपर्यंत पातेल्याचा तळ तिथवर जात नाही. दुधाचा थर जळून तळाला चिकटला, म्हणून त्याखाली तो गेला. त्या लिटरभर तेलातलं थोडं गोठ्याच्या बिजागऱ्यांना लागलं, बाकीचं अजून एका डब्यात आहे. दार मात्र तेव्हापासून कुरकुरत नाही.

कल्हईवाला मिळायला दोन आठवडे गेले. पूर्वी दर महिन्याला आळीत हाक यायची म्हणे, आता साताऱ्याच्या बाजूने येणाऱ्या एकाला निरोप धाडावा लागतो. मुळं पुन्हा खणली, पुन्हा वाळवली. या खेपेला अण्णांनी ढीग चाळला तेव्हा दोनच काटक्या बाहेर काढल्या. काढा, मूर्च्छन, कल्क, सगळं पुन्हा. फेब्रुवारी निम्मा गेला होता.

दुधाच्या दिवशी मी फोन बंद करून देवघरात ठेवला.

साडेदहापर्यंत काहीच घडत नाही. पातेलं उकळतंय, बुडबुडे मोठे आणि आळशी. मग आवाज बदलतो. बदल एवढा बारीक असतो की आधी वाटतं आपल्यालाच भास होतोय: उकळण्याचा खदखदाट जाऊन कढईत भजी तळत असल्यासारखी बारीक चुरचूर सुरू होते. तापमापक १०१ वर. फाटलेल्या दुधाचा आणि मुळाचा लगदा आता एकत्र होऊन उलथन्याला लागायला लागला. अण्णा माझ्या शेजारी पाटावर येऊन बसले, डोळे मिटून. मला वाटलं पेंगतायत. “आता वात कर,” ते म्हणाले.

उलथन्याच्या टोकावरचा थोडा कल्क घ्यायचा, जरा निवू द्यायचा, अंगठा आणि तर्जनीत वळायचा, निरांजनाची वात वळतो तसा. माझी वात वळलीच नाही, बोटांना चिकटून बसली. ती तशीच चुलीत टाकली. तड, तड, तड. “कच्चं,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले. “पाणी बोलतंय.”

इथे मला हसू आलं आणि मी त्यांना आमच्या कामाबद्दल सांगितलं. ओलावा मोजायला आम्ही नमुना तोलायचो, १०५ अंशांच्या भट्टीत ठेवायचो, पुन्हा तोलायचो, वजन किती घटलं ते लिहायचो. भट्टी, तराजू, दोन तास, आणि तपासनिसाची सही. इथे तेच काम चिमूटभर कल्क आणि चुलीचा विस्तव दोन सेकंदांत करतो. ओलावा असेल तर वाफ फुटते आणि वाजते, नसेल तर नुसतं जळतं. अण्णांना यात नवल काहीच वाटलं नाही. “मग तुम्ही भट्टी कशाला घेतलीत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोज दोनशे नमुने असतात, आणि प्रत्येकाला तुमचे कान कुठून आणायचे? हे उत्तर त्यांना आवडलं असावं.

पुढची वात दहा मिनिटांनी. वळली, पण मऊ, बोटांना थोडी लागली. विस्तवात एकदाच तडकली. हा मृदू पाक. नाकात घालायच्या तेलाला इथे थांबतात. तापमापक १०६. आता मी जाळातली दोन लाकडं ओढून घेतली, हात चालूच. पातेल्यात पांढरट फेस वर यायला लागला. गंमत म्हणजे तेल सिद्ध होताना फेस येतो आणि तूप सिद्ध होताना फेस जातो. नवखा माणूस इथे हमखास फसतो.

तिसरी वात. बोटांवर घेतली तेव्हा गरम होती, चटका बसला तरी सोडली नाही. वळली. गुळगुळीत, लांब, बोटाला न चिकटता. दोन्ही टोकं धरून वाकवली, तुटली नाही. विस्तवावर ठेवली.

आवाज नाही. कडेने पेट घेतला, नुसती ज्योत.

“उतर,” अण्णा म्हणाले. हाच मध्यम पाक, पोटात घ्यायला, बस्तीला (म्हणजे एनिमाला), सगळ्याला चालणारा. आणखी ढकलला असता तर खर पाक, अंगाला चोळायचा, आणि त्याच्या पलीकडे माझा जानेवारीतला पराक्रम. आत्याला चोळायलाच हवंय तर खर का नको, असं मी विचारलं. “खर आणि जळका यांच्यात किती अंतर असतं ते तू बघितलंयस,” ते म्हणाले. तापमापकात ११२ होते. दुसऱ्या वातेपासून तिसरीपर्यंत फक्त सात मिनिटं. तीन आठवड्यांची खणणी, वाळवणी, कुटणी आणि तीन दिवसांचा जाळ, सगळं त्या सात मिनिटांवर.

तेल गरम असतानाच फडक्यातून गाळलं. निवल्यावर गाळलं तर कल्कात बरंच अडकून राहतं. पिळताना बोटं भाजतात, त्याला इलाज नाही. एक लिटरचं साडेआठशे मिलिलिटर हाती आलं. वासाला दुधाचा खरपूसपणा आणि मागे ओल्या मातीसारखं काहीतरी.

कोणी विचारेल म्हणून सांगते, मी हे तेल विकत नाही. औषधं करून विकायची तर १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो. स्वतःच्या रोग्यांपुरतं औषध करणाऱ्या वैद्याला त्यातून सूट आहे. ती सूट अण्णांना आहे, मला नाही. घरी करून बघणार असाल तर पोटात घेण्याचं धाडस कोणा वैद्याला विचारल्याशिवाय करू नका. आणि आत्याचे गुडघे? ती रोज रात्री चोळून घेते, म्हणते बरं वाटतं. ते चिकण्याने, की अर्धा तास कोणीतरी तिचे पाय मांडीवर घेऊन बसतं म्हणून, हे सांगणारी चाचणी माझ्याजवळ नाही.

बाटल्या भरून झाल्यावर मी एकेकीवर चिठ्ठी डकवत होते: नाव, तारीख, घाणा क्रमांक २. सवय जात नाही. अण्णांनी एक बाटली उजेडाला धरली, हलवली, नाकाशी नेली.

“चांगलं झालंय,” ते म्हणाले. “ही पहिली आवर्ती.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी समजावलं: हेच तेल पुन्हा नव्या काढ्यात, नव्या कल्कात, नव्या दुधात शिजवायचं, ते झालं की पुन्हा. केरळात १०१ वेळा करतात.

“म्हणजे शंभर राहिल्या,” मी म्हटलं.

“पुढच्या पौषात ये,” अण्णा म्हणाले, आणि खाच पाडलेली काठी त्यांनी पुसून कौलांखालच्या वाशात खोचून ठेवली.